स्मारकाची किल्ली कोणाकडे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका ज्येष्ठ वाचकांनी लिहिलंय, की लातूर जिल्ह्यात कुणी एक प्राध्यापिका एम.ए.च्या विद्यार्थ्यांना ‘हुतात्मा स्मारकाची किल्ली शोधा’ असा गृहपाठ देते आणि वर ‘पोलीस अ‍ॅक्शननंतर तुमच्या गावात काय झालं तेही घरी विचारा’ म्हणते. (पोलीस अ‍ॅक्शन म्हणजे १९४८ साली भारतीय फौजेने निजामाच्या हैदराबाद संस्थानात केलेली कारवाई; मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता.) त्यांच्या मते ही हुतात्म्यांची थट्टा आहे, चौकशी व्हावी. त्यांनी नाव घातलं नाही हा त्यांचा मोठेपणा. ती बाई मीच. चौकशीला वेळ लागेल, तोवर माझं म्हणणं छापाल अशी आशा आहे. पत्र लांबलंय. कापायचं झालं तर माझ्याबद्दलचा मजकूर कापा, स्मारकांबद्दलचा ठेवा.

विषयाचं नाव ‘राष्ट्रीय ओळख आणि सार्वजनिक स्मरण’. चार क्रेडिटचा, ऐच्छिक. नव्या धोरणात विषयांची यादी वाढली, आणि कायमच्या प्राध्यापकांपैकी कुणालाच हा नको होता, म्हणून तो तासिका तत्त्वावरच्या माझ्याकडे आला. वर्गात १९ विद्यार्थी, त्यांत ११ मुली. औसा, निलंगा, देवणी, रेणापूरकडून एसटीने येणारे. पासची मुदत संपली की हजेरी घसरते. निम्मे जण स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. त्यामुळे पहिल्याच तासाला प्रश्न आला, “मॅडम, यातलं एमपीएससीला काय येतं?”

या विषयाची पुस्तकं बहुतेक पॅरिस, बर्लिन, वॉशिंग्टनची. मीही तिथूनच सुरुवात केली. व्हिएतनाम युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांची वॉशिंग्टनमधली काळी भिंत दाखवली. १९८२ साली उभी राहिलेली. ५८ हजारांवर नावं, हुद्दा नाही, ज्या क्रमाने माणसं गेली त्या क्रमाने. आराखडा काढणारी माया लिन तेव्हा २१ वर्षांची, येल विद्यापीठात शिकत होती, आणि तो आराखडा वर्गातल्याच एका अभ्यासातून निघाला. हे ऐकून मागचा बाक जरा सरसावून बसला. भिंतीचा काळा ग्रॅनाइट बंगळूरकडून गेलाय म्हटल्यावर तर एकदम आपलेपणा आला. मग निलंग्याकडची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, नावं तर आमच्याकडच्या स्मारकातबी आहेत म्हणतेत. पण त्याला कुलूप असतंय.”

त्यातला ‘म्हणतेत’ मला लागला. गावात जन्म गेला, रोज त्या इमारतीवरून एसटी स्टँडला जाते, आणि आतल्या नावांबद्दल पोरीला ऐकीव माहिती.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला राज्य सरकारने ठिकठिकाणी हुतात्मा स्मारकं बांधली. बहुतेक एकाच साच्याची, त्यामुळे कुठल्याही तालुक्यात गेलात तरी ओळखू येतात. मी वॉशिंग्टन तिथेच सोडलं आणि पाच प्रश्न दिले. कुलूप कोणी लावलं? किल्ली कोणाकडे असते? शेवटचं कधी उघडलं? आत नावं किती? आणि त्यांतल्या एका तरी नावाचं घर आज गावात आहे का? ज्याला पत्रात थट्टा म्हटलंय तो गृहपाठ एवढाच. मुदत तीन आठवडे.

त्या १९ वह्या माझ्या टेबलावर आहेत. एकाने किल्लीचा प्रवास लिहिलाय: तलाठी म्हणाला ग्रामसेवकाकडे, ग्रामसेवकाकडे तीन गावं, तो बुधवारी येतो, बुधवारी आला तेव्हा म्हणाला, शिपायाकडे, शिपाई डिसेंबरात निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेलाय, किल्ल्यांचा जुडगा सोबत. फोन लावला तर तो बिचारा खजील झाला, म्हणाला, कुरिअर करतो. दुसऱ्या ठिकाणी कुलूपच नव्हतं, आत शाळेच्या खिचडीच्या तांदळाची पोती होती. तिसऱ्या ठिकाणी ओट्यावर सोयाबीन वाळत घातलेलं आणि राखणीला एक आजी. हे कशाचं आहे, विचारल्यावर ती म्हणाली, “गांधीबाबाचं देऊळ हाय.” पोराने ते जसंच्या तसं लिहून खाली कंसात मला विचारलंय, ‘मॅडम, हे उत्तर चूक धरायचं का?’ अजून मी शेरा दिलेला नाही.

सगळ्यांत चांगली वही त्या निलंग्याकडच्या मुलीची. तिच्याकडच्या स्मारकात संगमरवरी पाटी आहे, पण कोरलेल्या अक्षरांतला रंग उडालाय. तिने खडू ओला करून अक्षरांवरून फिरवला, वर फडकं मारलं, आणि ११ नावं उतरवून घेतली. एका नावापुढे तिने टीप जोडलीय. पाटीवर ‘सखाराम’ आहे, गावातली म्हातारी माणसं मात्र ‘सटवाराम’ म्हणतात. चुलत पणतू म्हणाला, सटवारामच बरोबर. पण पेन्शनच्या कागदात सखाराम पडलं, आणि ते दुरुस्त करायला गेलो असतो तर आजीची पेन्शन अडकली असती, म्हणून पाटीवरही तेच घातलं. इतकी वर्षं मी इतिहास शिकवते, पण कागद आणि दगड यांचं नातं इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण पत्रलेखकांनी ‘ज्यांना या लढ्याची झळ लागली नाही अशा लोकांनी’ असं एक वाक्य टाकलंय. माझे आजोबा बार्शीकडच्या सरहद्दीवर, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात होते. बार्शी इंग्रजी हद्दीत, म्हणजे मुंबई प्रांतात. पलीकडे निजामाचं राज्य, त्याचं वेगळं नाणं हाली रुपया आणि करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके. शिंदीची झाडं तोडून निजामाचा अबकारी महसूल बुडवायचा, या कामात ते पहिल्यांदा घराबाहेर पडले. हातावरचे फोड दाखवावेत तशी ते ती गोष्ट पन्नास वर्षांनीही सांगत. आमच्या घरात ताम्रपट आहे, आणि दर १७ सप्टेंबरला तहसीलमध्ये मिळालेल्या शालींचा एक पेटारा आहे. माझ्या लग्नात आईने त्यांतल्या दोन आहेरात खपवल्या, हे आजोबांना कळलं नाही.

आजोबा रझाकारांबद्दल, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांबद्दल, बोलत. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचाच वकील, त्यामुळे गावोगावचे तपशील त्यांना पाठ. १३ सप्टेंबर १९४८ला फौज सोलापूरकडून नळदुर्गात शिरली ते बोलत, १७ला निजामाने शरणागती जाहीर केली ते बोलत. १८ तारखेनंतरचं मात्र बोलत नसत. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, “मग पुढं?” तेव्हा ते उठून गोठ्यात गेले. मी इतिहासाकडे वळले त्याला बरीच कारणं आहेत, त्यांतलं हे एक.

वर्गात मी फळ्यावर ‘१७ सप्टेंबर’ लिहिलं आणि विचारलं, या दिवसाचं नाव काय? सगळे एका सुरात म्हणाले, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. देवणीकडच्या एका मुलाची बहीण कर्नाटकात दिलेली आहे. तो म्हणाला, दाजींकडे तर याला कल्याण कर्नाटक उत्सव म्हणतात. तिथे पूर्वी हैदराबाद कर्नाटक विमोचन दिन होता. २०१९ साली त्या भागाचं नाव कल्याण कर्नाटक झालं, तेव्हा दिवसाचंही बदललं. तेलंगणात २०२२ साली राज्य सरकारने याच तारखेला राष्ट्रीय एकात्मता दिन केला आणि त्याच दिवशी केंद्र सरकारने सिकंदराबादच्या परेड ग्राउंडवर मुक्ती दिन. २०२४ साली तिथल्या नव्या सरकारने ‘प्रजा पालना’ असं तिसरंच नाव काढलं. तीन राज्यांत विखुरलेलं एक संस्थान, एकच तारीख, आणि नावांनी अर्धा फळा भरला. ‘मुक्ती’ म्हटलं तर कोणापासून हा प्रश्न येतो, ‘विलीनीकरण’ म्हटलं तर लढणारे गायब होतात, आणि आपले आजी-आजोबा या दोन्ही शब्दांना बगल देऊन नुसतं ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणतात. रणगाडे घेऊन गेलेल्या लष्कराच्या कारवाईला पोलिसांचं नाव का दिलं, यावर तो तास संपला आणि पुढचाही गेला. भारत आपल्याच हद्दीत बंदोबस्त करतो आहे, परमुलखावर चाल करून जात नाही, हे जगाला दिसावं म्हणून तो शब्द निवडला, हे मुलांनी स्वतः शोधलं. ज्या निजामाशी लढलो तोच २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत हैदराबादचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालाच्या जागी असलेला प्रमुख, होता, हेही त्यांनाच सापडलं. तेव्हा वर्गात जो गलका झाला तसा मी वर्गणीच्या वेळी सोडून कधी ऐकला नाही.

याच वर्गात मुलं स्वामी रामानंद तीर्थांबद्दल वाचतात. पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, जन्म कर्नाटकातल्या सिंदगीचा, शिक्षक म्हणून आयुष्य हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला, निजामाविरुद्धच्या लढ्यात नेतृत्व तेलुगू, मराठी, कानडी तिन्ही भागांचं. नांदेडचं विद्यापीठ त्यांच्या नावाचं, आणि त्याची स्थापनाही १७ सप्टेंबरचीच, १९९४ सालची. इथली मुलं ज्याची पदवी घेतात ते विद्यापीठच एक स्मारक आहे. मुलींना मी याच लढ्यात उतरलेल्या, जालना जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके सांगितल्या. शोएबुल्ला खान सांगितले: हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक, संस्थान भारतात सामील व्हावं असं उघड लिहीत होते, म्हणून ऑगस्ट १९४८मध्ये रझाकारांनी त्यांना रस्त्यात गाठून मारलं. एका संपादकाचं हे बलिदान आपण आपल्या पुरवणीत कधी छापल्याचं मला आठवत नाही. छापलं असेल तर क्षमस्व, अंक पाठवा.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. पत्रलेखकांना खरा राग त्याचाच आहे, किल्ली हे निमित्त.

पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या आठवड्यांत संस्थानातल्या अनेक गावांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या, घरं लुटली गेली. हे मी नवं काढलेलं नाही. पंतप्रधान नेहरूंनीच पंडित सुंदरलाल यांच्यासोबत काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना हैदराबादेत पाठवलं होतं; ते १९४८च्या अखेरीस गावोगाव फिरले. सावधपणे धरलं तरी किमान २७ ते ४० हजार माणसं गेली, असा त्यांचा अंदाज. सगळ्यांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी दिलेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. लातूर जिल्हा तेव्हा नव्हता. आजच्या जिल्ह्याचे बहुतेक तालुके उस्मानाबाद आणि बीदरमध्ये वाटलेले होते. म्हणजे माझ्या वर्गातली बहुतेक मुलं त्या यादीतल्या जमिनीवरून एसटीने येतात. तो अहवाल अनेक दशकं लोकांसमोर आला नाही. त्याच अहवालात असंही आहे, की कित्येक ठिकाणी हिंदू विणकर आपल्या मुस्लिम विणकर शेजाऱ्यांसाठी उभे राहिले आणि त्यापायी जिवाला मुकले. या विणकरांची नावं कुठल्या स्मारकात असतील तर मला पाटी बघायला जायचंय.

रझाकारांनी केलेले अत्याचार मी झाकते, असा पत्राचा सूर आहे. माझ्या वर्गात येऊन बसा. बीदर जिल्ह्यातल्या गोरट्याचं मे १९४८चं हत्याकांड आम्ही नकाशा काढून शिकतो. औश्याकडच्या एका मुलीच्या पणजीला रझाकारीत दोन रात्री पेवात लपवलं होतं. पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं तळघर; आत हवा कोंडते म्हणून उघडल्यावर आधी कंदील सोडून बघतात, विझला तर माणूस उतरवत नाहीत. त्या पणजीला कंदील न सोडताच उतरवलं होतं, तेवढाही वेळ नव्हता. मुलीने हे वाचून दाखवलं तेव्हा कुणी मोबाइलकडे बघितलं नाही. हाच प्रश्न दुसऱ्या घरातल्या म्हातारीला विचारायचा नाही, असं मी वर्गात कोणत्या तोंडाने सांगू?

वर्गात एक मुस्लिम मुलगा आहे. गाव सांगत नाही. त्याने नानीला विचारलं. नानी तेव्हा सात-आठ वर्षांची. ती बोलायला लागली. विहिरीपर्यंत आली आणि थांबली. म्हणाली, “बस. इत्ताच लिख.” त्याने तेवढंच लिहिलं. दीड पान मजकूर, पुढची अडीच पानं कोरी, आणि शेवटच्या पानावर सही. शेवटची ओळ अशी: ‘एका घराने आम्हाला अकरा दिवस ठेवून घेतलं, त्या घराचं नाव नानी सांगत नाही, कारण त्यांच्या भावकीला अजून माहीत नाही.’ मी त्याला २० पैकी १७ दिले. कोऱ्या पानांना गुण देता येतात का, असं मला आमच्या एका बैठकीत विचारलं गेलं. तसं पाहिलं तर माझ्या आजोबांचीही पानं तिथूनच पुढे कोरी आहेत. ते गोठ्यात गेले, नानी विहिरीपाशी थांबली.

पत्रलेखकांना एक गोष्ट मी मान्य करते. पहिल्या वर्षी मी हा प्रश्न फार घाईने दिला होता. एका मुलाने आजोबांना जेवताना सरळ विचारलं, ‘तुम्ही लुटीत होता का?’ आणि ताट भिरकावलं गेलं. चूक माझी होती. विचारायचं कसं हे मी शिकवलं नव्हतं. आता आधी दोन तास नुसते त्यावर जातात: कधी गप्प बसायचं, टेप कधी बंद करायची, काय लिहायचं नाही. वर्गात पेटलेला वाद मिटत नाही असंही होतं. या सत्रात दोघांचं बोलणं बंद आहे, एकाच बसने येतात आणि वेगवेगळ्या बाकावर बसतात. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

पण थट्टा? १७ सप्टेंबरला सकाळी ध्वजारोहणाला हीच मुलं स्मारकापुढे उभी असतात. कुलूप तेव्हा उघडं असतं, कारण साहेब येणार असतात. फुलं वाहून, शाल-श्रीफळ होऊन, साडेनऊच्या आत पुन्हा लागतं. गेल्या वर्षी माझी सात मुलं मागे थांबली आणि आतली नावं वाचू द्या म्हणाली, तर ‘कार्यक्रम संपलाय’ असं उत्तर मिळालं. त्या दिवशी आपलं दैनिक १२ पानांची पुरवणी काढतं. त्यात शुभेच्छांच्या जाहिराती किती आणि हुतात्म्यांची नावं किती, हेही माझ्या एका मुलीने पट्टी घेऊन मोजलंय. तिचा आकडा मी इथे देत नाही, कारण हे पत्र छापून यावं अशी माझी इच्छा आहे.

तेव्हा मागणं एवढंच. येत्या पुरवणीत एक पान मोकळं ठेवा. आपल्या वार्ताहरांना तालुक्यागणिक स्मारकात पाठवा, आतल्या पाटीवरची नावं जशी आहेत तशी छापा आणि खाली किल्ली कोणाकडे असते ते लिहा. सटवाराम आणि सखाराम दोन्ही छापा. आमच्या १९ वह्यांतली यादी मी द्यायला तयार आहे, विद्यार्थ्यांना विचारून. नानीचं पान त्यात नसेल.

पत्रलेखकांना भेटायचं असेल तर फार शोधावं लागणार नाही. आमच्या तालुक्याच्या स्मारकाची किल्ली मागायला मी चार महिने खेपा घातल्या. शेवटी तिथला शिपाई वैतागून म्हणाला, “मॅडम, रजिस्टरात सही करा अन् तुमच्यापाशीच ठेवा.” त्यामुळे सध्या ती माझ्या पर्समध्ये असते, नाडा बांधलेली. दर शनिवारी ११ ते १ मी कुलूप उघडून तिथे बसते, मुलं असतात. नळाला पाणी नाही, येताना बाटली आणावी.

आपली,
एक तासिका प्राध्यापिका,
जि. लातूर